हिजाब घालून इंग्लंडात नर्सची नोकरी: दारव्ह्याच्या मुलीनं इचारलं त्याचं उत्तर

बेटा तू इचारलं की नर्सिंग झालं, आता इंग्लंड नाईतर जर्मनीत जायचा इचार आहे, पण हिजाब घालते तर मुसलमान म्हणून तिकडे त्रास देतात का, अन् अब्बा म्हणतात यवतमाळातच राह्य. मी पण कारंज्याकडचीच हाव, लय वर्षं झाले इंग्लंडात वॉर्डात काम करते, म्हणून सविस्तर सांगते.

त्रास होते, खोटं कशाले सांगू. पण इथं त्याच्याविरुद्ध कायदा आहे अन् तो खाजगी मालकालेही लागते. आपल्याकडे घटनेचं कलम १६ धर्मावरून भेदभाव नको म्हणते पण ते सरकारी नोकरीपुरतं, खाजगी दवाखान्यानं नाव पाहून परत पाठवलं तर दाद कुठं मागशील सांग बरं. इथं २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट आहे अन् तो नुसता अर्ज केला तवापासूनच लागू होते.

उघड शिवी कोणी देत नाई शक्यतो. चहाच्या खोलीत टोमणे, ईदच्याच दिवशी ड्युटी, प्रमोशनच्या वेळी नाव मागं, असं चालते. माझ्या पहिल्या जागी एक सिनियर होती, रमजानात सगळ्यांसमोर म्हणायची उपाशी नर्सच्या हाती पेशंट कसा द्यायचा, अन् काही बोललं की मजाक केली म्हणायची. पण कायदा नुसता तिचा हेतू नाई पाहत, तुझ्यावर काय परिणाम झाला तेही पाहते. मी तारीख, वेळ, तिचे शब्द, कोण कोण हजर होतं सगळं लिहून मॅनेजरले मेल केला, इथं त्याले ग्रीव्हन्स म्हणतात, मीटिंगले युनियनवाली सोबत बसली, मग ते बंद झालं. म्हणून आल्याबरोबर युनिसन नाईतर आरसीएनची (या दोन्ही नर्सेस असलेल्या युनियन) मेंबर हो, भांडण झाल्यावर नको.

खरी भीती व्हिसाची आहे. तुझा व्हिसा मालकाच्या स्पॉन्सरशिपवर, म्हणजे तो तुले कामाले ठेवते म्हणून मिळते, नोकरी गेली की साधारण ६० दिवसात दुसरा स्पॉन्सर शोधा लागते, अन् आपले लोकं गप्प बसतात ते याच्यानंच. रागात राजीनामा देऊ नको. ट्रिब्युनलले, म्हणजे नोकरीच्या भांडणाच्या कोर्टात, जायची मुदत इक्वॅलिटी ॲक्टात ३ महिन्याले १ दिवस कमी एवढीच होती, ६ महिने करायचं ठरलं आहे पण तू ३ च धरून चाल, अन् त्याच्याआधी एकासले (मालक-कामगाराचं भांडण मिटवायची सरकारी संस्था) कळवणं जरुरी असते, त्यांची हेल्पलाइन फुकट आहे.

आता हिजाब अन् कपड्याचं. वॉर्डात कोपरापर्यंत हात उघडे लागतात, ते इन्फेक्शनसाठी, सगळ्यांलेच. पण हात झाकायचे असल तर एकदा वापरून फेकायच्या बाह्या मिळतात, अन् ऑपरेशन थिएटरसाठी डर्बीच्या हॉस्पिटलनं २०१९ मधे डिस्पोजेबल हिजाब सुरू केला. नमाजसाठी आपोआप सुट्टी मिळत नाई, पण ठोस कारण नसताना नाई म्हटलं तर तोही भेदभाव ठरू शकते. डिसेंबरात लंडनले चारच्या आधी सूर्य बुडते, जोहर असर मगरिब तिन्ही एकाच ड्युटीत येतात, म्हणून ब्रेकचं रोस्टर बनायच्या आधीच मेलवर सांगून ठेव. ईदले चांदाचा भरोसा नाई, तर दोन दिवसाची सुट्टी आधीच टाक.

जर्मनीचं सांगते. लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टानं, ज्याचा निकाल जर्मनीलेही लागते, २०१७ अन् २०२१ मधे म्हटलं की खाजगी मालक सगळ्यांलेच धर्माची खूण घालायले बंदी करू शकते, पण त्याची खरी गरज दाखवा लागते. फ्रान्सच्या सरकारी दवाखान्यात तर हिजाब चालतच नाई. तुझी अट हिजाबच असल तर मी इंग्लंडच म्हणीन.

अन् एजंटच्या बोलण्यावर राहू नको. ऑफर लेटर आलं की सही करायच्या आधी युनिफॉर्म पॉलिसी लेखी मागव, हिजाब घालते हे त्याच मेलमधे सांग, अन् काय उत्तर येते ते मले पाठव.