वाचकांचे प्रश्न : स्टर्लिंग चांदीचा खरा हिशेब

प्रश्न : जुने स्टर्लिंगचे काटे-चमचे गुंतवणूक म्हणून घ्यायचे आहेत. दर रास्त आहे हे कसे ओळखावे?

उत्तर : आधी निव्वळ चांदी काढा. स्टर्लिंगमध्ये हजारात 925 भाग चांदी, उरलेले बहुधा तांबे. शुद्ध चांदी मऊ, म्हणून ही मिसळ. 12 नग मिळून 540 ग्रॅम भरले, तर 540 × 0.925 म्हणजे 499.5 ग्रॅम चांदी. जागतिक भाव ट्रॉय औंसात सांगतात आणि तो औंस 31.1 ग्रॅमचा, म्हणजे हे साधारण 16 औंस झाले. घोटाळा इथेच होतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावरचा औंस 28.35 ग्रॅमचा असतो. तो आकडा तसाच धरला की हिशेब सुमारे दहा टक्क्यांनी फुगतो. शिवाय आटणीला देताना खर्च आणि घट कापली जाते. त्यामुळे फक्त धातूसाठी घेत असाल, तर निव्वळ चांदीच्या किमतीपेक्षा कमीच द्या. नक्षीसाठी जास्त मोजलेले पैसे मोडीत परत येत नाहीत.

प्रश्न : ‘स्टर्लिंग’ छापाचा मेणबत्तीचा स्टँड 600 ग्रॅम भरतो. सगळी चांदीच ना?

उत्तर : बहुतेक नाही. अशा स्टँडचा पत्रा पातळ असतो आणि आत राळ, प्लास्टर किंवा सिमेंट भरलेले असते. तळाशी ‘वेटेड’ असे कोरलेले आहे का पाहा. आतले भरण काढल्याशिवाय चांदीचे वजन कळत नाही, म्हणून एकूण वजनावर दर लावूच नका. सुऱ्यांचेही तेच : पाते पोलादी, मूठ पोकळ, चांदी जेमतेम अर्धा ट्रॉय औंस. काटे-चमचे भरीव असतात. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

प्रश्न : मुलामा दिलेली वस्तू घरी कशी ओळखावी? लोहचुंबक पुरेल का?

उत्तर : नाही. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांची मिसळ; तिला चुंबक सहसा धरत नाही आणि तिच्यात चांदीचा अंशही नसतो. ‘ईपीएनएस’ हा छाप म्हणजे त्याच धातूवरचा चांदीचा मुलामा. ब्रिटिश वस्तूवर चालता सिंह स्टर्लिंगची खूण. सोबत नांगर असेल तर तपासणी बर्मिंगहॅमची, बिबट्याचे तोंड असेल तर लंडनची. मात्र मुलाम्याचे कारखानदारही अशाच दिसणाऱ्या खुणा ओळीने ठोकत. म्हणून पाण्याची चाचणी करा. चमचा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि चमचा दोऱ्याने पूर्ण बुडवा. तळाला वा काठाला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. आता दिसणाऱ्या ग्रॅमने कोरड्या वजनाला भागा. 62.2 ग्रॅमच्या चमच्याने 6 दाखवले तर उत्तर 10.37, स्टर्लिंगशी जुळणारे. 8.7 च्या आसपास आले तर जर्मन सिल्व्हर समजा. काटा किमान 0.1 ग्रॅम दाखवणारा हवा. हलक्या वस्तूला 0.01 चा. पोकळ वा भरण असलेल्या वस्तूवर ही चाचणी फसते.

प्रश्न : काळी पडलेली भांडी विकण्याआधी लख्ख करावीत का?

उत्तर : धातूच्या भावाला काळेपणाने फरक पडत नाही. घासण्याने मात्र छाप झिजतात, आणि छाप पुसट झाला की संग्राहक पाठ फिरवतो. ठेवताना रबर आणि लोकर दूर ठेवा; त्यांतल्या गंधकानेच चांदी काळवंडते.