रॅम्प झाला, तरी खुर्ची चढेना
कामाची जागा आणि दिव्यांग कर्मचारी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुलीला तपासणीच्या कामावर घेतलं. दारातल्या तीन पायऱ्यांवर रॅम्प केला, तरी तिला दोघांनी ढकलत वर आणावं लागतं. चुकलं कुठे?

उत्तर : लांबी तुम्ही कळवली नाहीत, पण अंदाज येतो. गवंड्याला नुसतं ‘रॅम्प कर’ म्हटलं की तो मोटारसायकल चढेल एवढा उतार करून मोकळा होतो. व्हीलचेअरसाठी १:१२ पेक्षा जास्त चढ चालत नाही, म्हणजे उंचीच्या किमान बारापट लांबी हवी. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची. तेवढ्या उंचीला ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. तो दोन मीटरमध्ये उरकला असेल तर स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत वर येणं अवघड, शिवाय खुर्ची मागे कलंडायची भीती. समोर जागा नसेल तर रॅम्प भिंतीलगत न्या आणि मध्येच वळवा. वळणावर दीड बाय दीड मीटर सपाट जागा ठेवा. वर दारापुढेही तेवढीच हवी, कारण उतारावर थांबून दार उघडता येत नाही.

रुंदी किमान १.२ मीटर. दोन्ही बाजूंना कठडे, जमिनीपासून ७६ आणि ९० सेंटिमीटरवर. उघड्या कडेला बोटाच्या लांबीएवढी तरी उंच किनार हवी, नाहीतर चाक बाहेर जातं. ग्रॅनाइट किंवा पॉलिश केलेली शहाबादी लावू नका. आपल्याकडच्या झडीत कुबड्या घेऊन येणारा माणूसही त्यावर घसरेल. सिमेंट ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढून घ्या, फुकटात काम होतं. शटरखालचा दोन सेंटिमीटरचा उंचवटासुद्धा पुढची छोटी चाकं अडवतो, तिथे दोन्हीकडून हलका उतार द्या. आणि रॅम्पवर स्कूटर लावणाऱ्याला पहिल्याच दिवशी हटकलं पाहिजे.

आता न विचारलेलं. संडासाचं काय? दिवसभर पाणी न पिता बसावं लागणार असेल तर रॅम्प काय कामाचा! आतली जागा साधारण २ बाय २.२ मीटर, दार ९० सेंटिमीटर रुंद आणि बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणाऱ्या दारामागे कोणी पडलं तर दार ढकलताच येत नाही. कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटरवर आणि एका बाजूला खुर्ची लावण्याएवढी मोकळी जागा. आधाराचा दांडा म्हणून टॉवेलचा रॉड बसवलेला फार ठिकाणी दिसतो. अख्खं वजन पडलं की तो स्क्रूसकट उखडतो. जाड स्टीलचा दांडा घ्या आणि विटांत अँकर मारून बसवा. टाइल चिकटवण्याआधी हे ठरवलं तर तोडफोड वाचते. त्या मुलीला एकदा जागेवर नेऊन माप घ्या. कोणत्या हाताने ती सरकून बसते यावर दांड्याची बाजू ठरते.

प्रश्न : सातपूरच्या कारखान्यात कर्णबधिर ऑपरेटर सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनवर) ठेवणं धोक्याचं नाही का?

उत्तर : धोका त्याच्या कानात शोधू नका, तुमचे सगळे इशारे आवाजातच आहेत ही अडचण आहे. मशीनवर लाल-पिवळा-हिरवा टॉवर लाइट लावा आणि तो ऑपरेटरच्या जागेवरून दिसतो का ते बघा. आगीच्या भोंग्याला लुकलुकणारा दिवा जोडा. मशीन असतात त्या शेडमध्ये तो हमखास लावला जातो. संडास आणि स्टोअर, जिथे माणूस एकटा असतो, तिथे राहून जातो. फोर्कलिफ्टचा रस्ता पिवळ्या पट्ट्यांनी वेगळा करा, वळणावर बहिर्गोल आरसा लावा. आणीबाणीत त्याला बाहेर नेणारे प्रत्येक पाळीत दोघे ठरवा, कारण एक जण नेमका त्याच दिवशी रजेवर असतो.

सूचना लिहून दिल्या की झालं, असंही नाही. लहानपणापासून सांकेतिक भाषेत वाढलेल्याला लांबलचक मराठी परिपत्रक अवघड जातं. फोटो आणि छोटी वाक्यं बरी. सकाळच्या मीटिंगमध्ये फळ्याकडे तोंड करून बोलू नका.

प्रश्न : आमच्या संस्थेत अंध लिपिक रुजू झाला आहे. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून दिला, पण मराठी फायली उघडल्या की तो काहीतरी अगम्य बडबडतो.

उत्तर : फायली बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधल्या आहेत. पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. रोजच्या फायली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत) आणा, पण जोडाक्षरं आणि रफार तपासा, हमखास तिथेच बिघडतं. जुन्या कपाटातलं सगळं बदलायच्या फंदात पडू नका. नवं पत्र मात्र युनिकोडमध्येच, हा नियम संपूर्ण कार्यालयाला लावा. सही-शिक्क्याचं स्कॅन केलेलं पीडीएफ म्हणजे त्याच्यासाठी कोरा कागद; सोबत मूळ वर्ड फाइल पाठवा. एक्सेलमधले एकत्र जोडलेले चौकोन सोडवून ठेवा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. नवं लेखा-सॉफ्टवेअर घ्यायचं असेल तर पैसे मोजण्याआधी याच लिपिकाला, माउस न वापरता, एक व्हाउचर टाकायला सांगा.

प्रश्न : खासगी कंपनीला ४ टक्के आरक्षण लागू आहे का?

उत्तर : नाही, ते सरकारी आस्थापनांसाठी आहे. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार समान संधी धोरण खासगी आस्थापनांनाही जाहीर करावं लागतं. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांसाठी योग्य पदं, निवडीची पद्धत, दिल्या जाणाऱ्या सोयी आणि या कामासाठी नेमलेला संपर्क अधिकारी हे सगळं हवं. प्रत राज्य दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवा. धोरण वेबसाइटवर टाका. वेबसाइट नसेल तर दर्शनी भागात लावा, आणि तेही खुर्चीवर बसून वाचता येईल एवढ्या उंचीवर.