रोटरीच्या नव्या सभासदास

रोटरीत आपले मनःपूर्वक स्वागत. पदाचा विचार करण्याआधी संस्थेचा इतिहास समजून घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ साली शिकागोत तीन सहकाऱ्यांसह क्लब सुरू केला, तेव्हा हेतू व्यावसायिकांच्या स्नेहाचा होता. सेवाकार्य नंतर आले, आणि आरंभीच्या उपक्रमांत शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठीचा पाठपुरावा होता. लोकांची नड पाहून काम निवडण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. मुंबईचा क्लब १९२९ चा.

पोलिओ निर्मूलन हे रोटरीचे सर्वांत मोठे काम. १९८५ साली जागतिक मोहीम हाती घेतली गेली, भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया प्रदेश पोलिओमुक्त घोषित झाला. तरीही पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर अवश्य जावे. लस उष्णतेने खराब झाली का हे दाखवणाऱ्या कुपीवरील खुणेत आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाहून फिकट असेल तरच लस वापरतात, आणि डोस दिल्यावर बाळाच्या डाव्या करंगळीला शाई लावतात. हे आरोग्यसेविकेकडून नीट शिकून घ्यावे व तिच्या सूचनेबाहेर जाऊ नये. एखाद्या घराने नकार दिल्यास वाद न घालता त्या वस्तीच्या आशाताईंना सोबत घेऊन पुन्हा जावे, कारण त्या घराचा विश्वास त्यांनी वर्षानुवर्षे मिळवलेला असतो.