वरच्या साइटचा गाळ खालच्या शेतात: बांधकाम परवानगीच्या अटी हाती घ्या

प्रश्न: आमचं गाव काही वर्षांपूर्वी महापालिका हद्दीत आलं. आमची दीड एकर जमीन आणि विहीर उताराच्या पायथ्याशी आहे. वरच्या अंगाला 4 एकरांत गृहप्रकल्प सुरू असून फलकावर 31,000 चौरस मीटर बांधकाम क्षेत्र लिहिलं आहे. एप्रिलमध्ये त्यांनी सगळा उतार तोडला आणि मुरमाचे ढीग आमच्या बांधालगत लावले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटून कांद्याची रोपं गाडली गेली, विहिरीत गाळ भरला. शिवाय प्रकल्पाच्या रस्त्याचा भराव ओघळीवर टाकल्यामुळे शेताच्या दुसऱ्या बाजूला पाणी तुंबतं. बिल्डर म्हणतो, "पाणी वरून खालीच येणार, ते घेणं तुम्हाला कायद्यानं भाग आहे. आमच्याकडे सगळ्या परवानग्या आहेत." महापालिकेचे अभियंते म्हणतात, "हा खासगी वाद आहे, कोर्टात जा." अर्धा पावसाळा बाकी आहे. काय करावं?

उत्तर: बिल्डरनं तुम्हाला अर्धाच कायदा सांगितला आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 (शेजारच्या जमिनींच्या एकमेकांवरच्या हक्कांचा कायदा) च्या कलम 7 खालच्या उदाहरणांत म्हटलं आहे की वरच्या जमिनीवर पडलेलं, ठरावीक पात्रातून न वाहणारं पाणी खालच्या मालकानं नैसर्गिकपणे येऊ दिलं पाहिजे. इथे सगळं वजन ‘नैसर्गिकपणे’ या शब्दावर आहे. गवत-झुडपांच्या उतारावरून पसरून, झिरपत येणारं पाणी तुम्ही नाकारू शकत नाही. पण उतार सोलून, रोलर फिरवून, पाणी एका तोंडाशी गोळा करून त्यात मुरूम मिसळून खाली सोडलं, तर ते या कलमाच्या आश्रयाला येत नाही. तो तुमच्या जमिनीला केलेला उपद्रव ठरतो.

हा फरक आकड्यांत मांडला की कोर्टाला आणि अभियंत्याला लवकर पटतो. 4 एकर म्हणजे सुमारे 1.6 हेक्टर. त्यावर 1 मि.मी. पाऊस पडला की 16,000 लिटर पाणी होतं. तासाभरात 50 मि.मी. कोसळला तर 8 लाख लिटर. उतारावर झाडोरा असताना यातला बराच भाग मुरतो आणि उरलेला रेंगाळत येतो. उघड्या, दाबलेल्या मुरमावर मुरणं फार कमी होतं आणि वेग वाढतो. वेग वाढला की पाण्याची माती ओढून नेण्याची ताकद कितीतरी पटींनी वाढते. तुमचा बांध फुटला तो यामुळे.

आता "सगळ्या परवानग्या आहेत" या दाव्याकडे वळतो. माझ्या मते तुमच्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. आपल्याकडे साइटवरची माती आणि पावसाळी पाणी यांच्यासाठी वेगळा असा परवाना घ्यावा लागत नाही. ती जबाबदारी निरनिराळ्या परवानग्यांच्या अटींत विखुरलेली असते: बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र म्हणजे सीसी, मंजूर ले-आऊटचा नकाशा, पर्यावरण मंजुरी आणि खोदाईसाठी तहसील कार्यालयाची गौण खनिजाची (माती-मुरमाची) परवानगी. परवानगी असणं आणि तिच्या अटी पाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 52 विनापरवाना कामाइतकंच परवानगीतली अट मोडून केलेल्या कामालाही लागू आहे. त्यामुळे "खासगी वाद आहे" हे उत्तर टिकत नाही. अट महापालिकेनं घातली, तेव्हा ती पाळली जाते की नाही हे पाहणंही तिचंच काम आहे.

म्हणून आधी कागद मिळवा. गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर सीसी आणि मंजूर नकाशे बहुधा अपलोड केलेले असतात. दहा मिनिटांचं काम आहे, आणि बऱ्याच जणांना ते सुचत नाही. बांधकाम क्षेत्र 20,000 चौरस मीटरच्या वर असल्यानं 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते. ती परिवेश या सरकारी पर्यावरण मंजुरी पोर्टलवर शोधा. अशा मंजुऱ्यांत सहसा दोन अटी असतात: वरचा 20 सें.मी. मातीचा थर वेगळा काढून सुरक्षित साठवावा, आणि खोदलेल्या मातीची विल्हेवाट लावताना शेजारच्या वस्तीला त्रास होता कामा नये. शिवाय अटींच्या पूर्ततेचा अहवाल दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, द्यायचा असतो. 1 जूनच्या अहवालात "माती सुरक्षित साठवली आहे" असं लिहिलेलं निघालं आणि तुमच्याकडे बांधालगतच्या ढिगांचे फोटो असले, तर पुढचं काम बरंच सोपं होतं. जे ऑनलाइन सापडणार नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. अर्जात फक्त प्रती न मागता फाइलची पाहणीही मागा, कारण अभियंत्यांच्या स्थळपाहणीच्या टिपा फाइलमध्येच राहतात.

नकाशात तीन गोष्टी पाहा. ओघळ दाखवली आहे का, रस्त्याखाली मोरी आहे का, आणि पावसाळी गटार शेवटी कुठे सोडलं आहे. गटाराचं तोंड तुमच्या बांधाशी संपत असेल तर मंजुरीच सदोष आहे. नकाशात ते सार्वजनिक नाल्यापर्यंत नेलेलं असेल आणि जागेवर नसेल, तर अटीचा भंग आहे. या दोन स्थितींत तक्रारीचा मसुदा वेगळा होतो, म्हणून नकाशा न पाहता तक्रार लिहू नका.

तक्रार महापालिका आयुक्त आणि शहर अभियंता यांच्या नावे, बांधकाम परवानगी विभागात समक्ष देऊन पोच घ्या. मागणी नेमकी हवी: नगररचना अधिनियमाच्या कलम 54 खाली काम थांबवण्याची नोटीस द्यावी आणि मातीचा बंदोबस्त होईपर्यंत पुढची खोदाई होऊ देऊ नये. कलम 52 ची शिक्षा 1 महिना ते 3 वर्षं कैद आणि 2 ते 5 हजार रुपये दंड अशी आहे. एवढ्या दंडाची बिल्डरला फिकीर नसते, आणि कलम 142 मुळे खटल्याला प्राधिकरणाची पूर्वमंजुरीही लागते. काम थांबण्याची मात्र त्याला नक्की धास्ती असते. म्हणून सगळा जोर 54 वर ठेवा.

"योग्य उपाययोजना करावी" असं मोघम लिहिलंत तर बिल्डर चार पोती वाळू टाकून फोटो पाठवेल. कामं नावानिशी मागा. ढीग बांधापासून आणि ओघळीपासून मागे हटवून ताडपत्रीनं झाकावेत आणि त्यांच्या पायथ्याशी माती अडवणारी आड घालावी. उताराच्या वरच्या कडेला आडवा चर काढून बाहेरचं स्वच्छ पाणी साइटवर येऊ न देता बाजूनं न्यावं. खालच्या कडेला गाळ बसण्यासाठी कुंड खोदावं. त्याचा प्रचलित ठोकताळा दर हेक्टरी सुमारे 250 घनमीटर आहे, म्हणजे इथे साधारण 400 घनमीटर: 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद, 2 मीटर खोल. पाणी कुंडाच्या वरच्या थरातून दगडी सांडव्यानं बाहेर पडलं पाहिजे, आणि कुंड निम्मं भरलं की गाळ उपसला पाहिजे. चरांत दगडी आडबांध घालताना मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा वीतभर खाली ठेवावा, नाहीतर पाणी टोकाशी वळून काठच खातं.

हिरवं कापड लावलं की काम झालं, असा साइटवर सर्रास समज असतो. गाळ अडवायचं कापड पसरून येणाऱ्या पाण्यासाठी असतं. ते खांबांना ताणून, खालची कड किमान 15 सें.मी. जमिनीत गाडून, समपातळीत लावावं लागतं. ओघळीच्या तोंडावर लावलं तर पहिल्याच लोंढ्यात खांबांसकट वाहून जातं. आणि क्रम चुकला तर सगळंच फसतं: आधी चर आणि कुंड, मग खोदाई, तीही टप्प्याटप्प्यानं. सगळे 4 एकर एकदम उघडे करणं ही या साइटची मूळ चूक आहे, आणि तक्रारीत ते स्पष्ट लिहा. जून 2013 मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ टेकडी फोडल्यानं पाण्याची वाट बदलली आणि त्या लोंढ्यात एक आई आणि तिची चिमुरडी वाहून गेल्या. पायथ्याशी राहणाऱ्या माणसाची तक्रार ‘किरकोळ’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला ही घटना लेखी आठवण म्हणून द्यायला हरकत नाही.

पुरावा आजच गोळा करा. पंचनामा होईपर्यंत विहीर उपसू नका, रोपांवरची माती हलवू नका. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांना लेखी अर्ज देऊन पंचनामा करून घ्या. त्यात गाळाची जाडी तीन-चार जागी टेपनं मोजून लिहायला लावा, विहिरीची आधीची आणि आत्ताची खोली नोंदवा, माती कुठून आली त्या तोंडाचा उल्लेख करा. "पावसामुळे नुकसान" एवढंच लिहिलं गेलं तर तो पंचनामा बिल्डरच्याच कामी येईल. विहीर साफ केल्याच्या पावत्या जपा.

बिल्डर अतिवृष्टीचं, दैवी आपत्तीचं कारण पुढे करणार हे गृहीत धरा. महसूल खात्याचा निकष 24 तासांत 65 मि.मी. पेक्षा जास्त पाऊस असा आहे. तुमच्या महसूल मंडळाची त्या दिवसाची पावसाची नोंद कृषी विभागाकडून घ्या. आकडा 65 च्या आत असेल तर ती सबब तिथेच संपते. वर असला तरी घाबरू नका. पावसाळ्यात जोराचा पाऊस येणार हे कुणालाही आधीच कळतं, आणि गेल्या वर्षी तेवढ्याच पावसात गाळ आला नव्हता हे दाखवता आलं तर उत्तमच. मोबाइलवरचे व्हिडिओ मूळ फोनमध्येच राहू द्या. कोर्टात ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि पुढे पाठवलेल्या प्रतीवरून ते देताना अडचणी येतात.

महापालिका आठ-दहा दिवसांत हलली नाही तर तिची वाट पाहत पावसाळा घालवू नका. दिवाणी न्यायालयात बिल्डरविरुद्ध मनाई आणि नुकसानभरपाईचा दावा लावा. सोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 खाली तात्पुरत्या मनाईचा अर्ज आणि आदेश 26 नियम 9 खाली कोर्ट कमिशनर (न्यायालयातर्फे जागा पाहून अहवाल देणारा) नेमण्याचा अर्ज द्या. कमिशनरनं पावसातच जागा पाहावी असा आग्रह धरा, कारण दिवाळीनंतरच्या कोरड्या पाहणीत काहीच दिसत नाही. सगळं बांधकाम थांबवा असं मागण्यापेक्षा "साइटबाहेर माती जाऊ देऊ नये आणि सात दिवसांत अमुक चर, अमुक कुंड करावं" अशी मोजता येणारी मागणी न्यायालयाला देणं सोपं जातं, आणि तुम्हाला हवंय तेच त्यातून मिळतं. महापालिकेला प्रतिवादी करायचं तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 487 प्रमाणे एक महिन्याची नोटीस आधी द्यावी लागते. म्हणून ती नोटीस आजच पाठवा, पण बिल्डरविरुद्धचा दावा त्यासाठी अडवून ठेवू नका. महापालिका स्वतःचं काम करतच नसेल तर त्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे.

ओघळीवरच्या भरावाचा मार्ग वेगळा आणि स्वस्त आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली, शेतजमिनीवरून लगतच्या जमिनीकडे जाणाऱ्या पाण्याच्या नैसर्गिक वाटेतला अडथळा तहसीलदार काढायला लावू शकतात. मुदत फक्त 6 महिन्यांची आहे, आणि भराव एप्रिलचा असेल तर ती उलटत चालली आहे. बिल्डर म्हणेल की रस्ता मंजूर नकाशातला आहे, म्हणजे कायदेशीर अधिकारानं केलेला आहे. मोरी नकाशात असून जागेवर नसेल, तर हा बचाव त्याच्याच नकाशानं पडतो.

पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं नाव तुम्हाला अनेकजण सुचवतील. पर्यावरण मंजुरीच्या अटींचा भंग तिथे नेता येतो: न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या कलम 14 खाली 6 महिन्यांत, भरपाईसाठी कलम 15 खाली 5 वर्षांत. पण ज्या कायद्यांचे वाद तिथे चालतात त्यांच्या अनुसूचीत नगररचना अधिनियम नाही, त्यामुळे निव्वळ सीसीच्या अटींचा मुद्दा तिथे चालणार नाही. खालच्या बाजूचे अनेक शेतकरी बाधित असतील तर एकत्र तिकडे जाणं योग्य. तुमच्या एकट्यापुरतं सध्या दिवाणी न्यायालय बरं. तोच गाळ सार्वजनिक रस्त्यावरही येत असेल, तर प्रांताधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली अर्ज करता येतो.

एक गोष्ट मात्र करू नका: रागाच्या भरात स्वतः उंच बांध घालून पाणी उलट फिरवू नका. नैसर्गिक पाणी अडवलं की सुविधाधिकार अधिनियमाचं कलम 7 तुमच्याविरुद्ध वळतं आणि बिल्डरच मनाईला धावतो. फुटलेला बांध पूर्वीच्याच उंचीला दुरुस्त करा आणि त्याचे फोटो ठेवा.

मधल्या काळात तडजोडीचा प्रस्ताव येईल, कारण बिल्डरला काम थांबणं परवडत नाही. रोपांचे आणि विहिरीचे पैसे मिळत असतील तर घ्या, पण पावतीत "यापुढे कोणतीही तक्रार किंवा मागणी नाही" हे वाक्य असेल तर सही करू नका. रक्कम कोणत्या तारखेच्या कोणत्या नुकसानीची आहे ते लिहून घ्या. चर, कुंड आणि मोरीची कामं तारखांसह करारात घाला. दावा दाखल असेल तर हाच मजकूर न्यायालयात संमतीपत्र म्हणून नोंदवा, म्हणजे पुढच्या पावसात काम झालेलं नसलं तर नवा दावा न लावता थेट अंमलबजावणी मागता येईल.