मारबतीचा गेम स्टोअरने नाकारला, आता एपीके कशी वाटायची?

भाऊ, तुझा बडग्यांचा, म्हणजे मारबतीच्या मिरवणुकीत काढून जाळतात त्या पुतळ्यांचा, गेम स्टोअरने नाकारला, अपीलही फेटाळलं, आणि तू विचारतोस की तान्ह्या पोळ्याआधी एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर अ‍ॅप बसवायची फाइल, नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सोडून देऊ का. गेम बाहेर जरूर काढ. पण ती फाइल ग्रुपवर टाकू नको.

लग्नपत्रिका, ई-चलान, बँकेचं केवायसी अशा नावांनी एपीके पाठवून लोकांची खाती साफ झाली आहेत. महाल भागातल्या एखाद्या काकूंनी तुझी फाइल न उघडताच उडवली, तर त्या शहाण्या आहेत. शिवाय फॉरवर्ड होता होता कोणी फाइल बदलली, तर बदनामी तुझीच.

त्यापेक्षा एक पक्का पत्ता ठेव. इच.आयओ या गेम ठेवायच्या साइटवर पान फुकट मिळतं, तिथे एपीकेही ठेवता येते आणि ब्राउझरमध्ये चालणारा गेमही. तुझ्या जागी मी आधी वेब आवृत्तीच काढली असती. इन्स्टॉलची भानगड नाही, आणि आयफोनवाली पोट्टीही खेळतील. आयफोनवर दुसऱ्या स्टोअरमधून अ‍ॅप घ्यायची सोय युरोपीय संघात २०२४ मध्ये कायद्याने मिळाली, आपल्याकडे नाही. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरत असशील तर त्याच्या ४.३ आवृत्तीपासून वेब एक्स्पोर्ट थ्रेडशिवाय (अनेक कामं एकदम चालवायची सोय न वापरता) करता येतो, त्याने बरीच डोकेदुखी जाते.

एपीकेत सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे कीस्टोअर, अ‍ॅपवर डिजिटल सही करायची की ठेवलेली फाइल. जुन्या आवृत्तीवर नवी बसायला दोन्हींवर एकाच कीची सही लागते. की हरवली की अपडेट संपले: लोकांना गेम काढून पुन्हा टाकावा लागेल, आणि फोनमध्ये साठवलेली प्रगती जाईल. की आणि पासवर्ड दोन वेगळ्या ठिकाणी ठेव, लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नाही. पुढे कधी प्ले स्टोअरने घेतलंच, तर अ‍ॅप तयार करताना तिथे हीच की देता येते. ती न देता गूगलला नवी बनवू दिलीस, तर तिथली आवृत्ती तुझ्या एपीकेवर बसणार नाही.

स्टोअरला दिलेली एएबी ही फाइल फोनवर थेट बसत नाही, एपीके वेगळी काढ. स्वस्त, जुन्या फोनांसाठी ३२ बिट प्रोसेसरवर चालणारी आवृत्तीही ठेव. आणि मॅनिफेस्ट, म्हणजे अ‍ॅप कोणत्या परवानग्या मागतं ते लिहिलेली फाइल, एकदा डोळ्यांनी वाच. जाहिरातींचे एसडीके (गेममध्ये जोडायचा तयार कोड) गुपचूप परवानग्या घुसवतात. एसएमएस वाचायची किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचून फोन चालवायची) परवानगी मागणारी बाहेरची अ‍ॅप्स गूगलचं सुरक्षा कवच प्ले प्रोटेक्ट भारतात अडवतं. बडग्या जाळायला एसएमएस कशाला?

नकाराचं पत्रही नीट वाच. कारण तांत्रिक असेल तर ठीक. पण खऱ्या नेत्यांचे चेहरे किंवा कोणाचं गाणं उचललं असेल, तर स्टोअरबाहेर जाऊनही ती अडचण तशीच राहते. पैशांवरचा खेळ तर २०२५ च्या कायद्याने बंदच आहे. हेही लक्षात ठेव: प्रमाणित अँड्रॉइड फोनांवर बाहेरच्या अ‍ॅपसाठीही डेव्हलपरची ओळख पडताळायची योजना गूगलने जाहीर केली आहे. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड, आणि २०२७ पासून बाकी जग.

मारबतीच्या दिवशी इतवारीत क्यूआर लावणार असशील, तर तो वेब आवृत्तीचाच लाव. त्या गर्दीत नेटवर्क मेलेलं असतं, म्हणून पहिलं लोडिंग हलकं ठेव, ढोल-ताशाचे आवाज मागून उतरू दे.