पुळणीवरचे धावणे आणि तिथीचा हिशेब

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी माझी पुण्याहून गुहागरला बदली झाली. पुण्यात मी डांबरी रस्त्यावर आठवड्याला 25 किलोमीटर धावत असे. येथे रोज सकाळी 6 वाजता किनाऱ्याने धावत जातो आणि गावातल्या रस्त्याने परत येतो. काही दिवस वाळू रस्त्यासारखी घट्ट लागते, तर काही दिवस पाय घोट्यापर्यंत रुततात. पोटऱ्या भरून येतात आणि हल्ली डाव्या टाचेच्या मागे सकाळी उठताना कळ येते. किनारा सोडून द्यावा का?

उत्तर : किनारा सोडू नका, सोडायचेच असेल तर रोज सहाचा हट्ट सोडा. किनारपट्टीवर भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब असा, की तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला रात्री दीड वाजता भरती, म्हणजे त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, सकाळी पावणेआठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. त्यामुळे त्या दिवशी सहा वाजता पाणी बरेच मागे गेलेले असते आणि ओल्या पुळणीचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूचा, रुंद पट्टा तुमच्यासाठी मोकळा असतो. अष्टमीचा गुणाकार मात्र बरोबर सहा येतो. त्या सुमारास भांगाची भरती असल्याने पाणी उधाणाइतके वर चढत नाही हे खरे, तरी घट्ट पट्टा पाण्याखाली जातो आणि तुम्हाला सुरूच्या बनाजवळच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूतून धावावे लागते. हिशेब ढोबळ आहे, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, परंतु धावण्याचा आठवडा आखायला तेवढा पुरतो. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पंचमीपर्यंतचे दिवस पहाटे धावणाऱ्यासाठी सर्वांत सोयीचे. अष्टमीच्या आसपास रस्ता धरावा किंवा दुपारी बाराच्या सुमारास, ओहोटीला जावे.

घट्ट वाळू ओळखण्याची खूण पायाखालीच असते. पाऊल टाकताच त्याभोवतीची ओली वाळू क्षणभर पांढुरकी, कोरडी पडल्यासारखी दिसली, तर तिचे कण दाट बसलेले आहेत असे समजावे. कणांमधला थोडासा ओलावा त्यांना एकमेकांशी धरून ठेवतो; कोरडे कण पायाखालून निसटतात आणि लाटेच्या अगदी कडेला, पाण्याने तुडुंब भिजलेली वाळू पुन्हा सैल होते. म्हणून पाणी नुकतेच ओसरून गेलेला मधला पट्टा धरावा.

पोटऱ्या का दुखतात, याचे उत्तर 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेल्जियममधील एका अभ्यासात सापडते : तेवढ्याच वेगाने मऊ वाळूवर धावताना कठीण जमिनीच्या तुलनेत सुमारे 1.6 पट ऊर्जा खर्च होते. टाच रुतते, पुढे रेटताना वाळू मागे सरकते आणि तो सगळा तोटा पोटरीला व टाचेमागच्या जाड शिरेला भरून काढावा लागतो. रस्त्यावरचे अंतर जसेच्या तसे वाळूवर आणलेत, हे पहिले चुकले. दुसरे असे, की किनारा समुद्राकडे उतरता असतो. तुम्ही एकाच दिशेने त्यावरून धावता आणि परतताना रस्ता धरता, त्यामुळे उतारावरचा असमान भार रोज त्याच बाजूला पडतो. गेलात त्याच पट्ट्याने परत या, म्हणजे वरचा पाय खालचा होईल. निदान तीन आठवडे कोरड्या वाळूवर धावणे बंद ठेवा आणि घट्ट पट्ट्यावरही बूट घालूनच, आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटांपुरते धावा. कळ तरीही राहिली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ही शीर एकदा बिघडली की महिनोन्महिने छळते. बूट घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत, अन्यथा खारे पाणी तळव्याचे चिकटवण खाते.

एक विनंती. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या गुहागरच्या वाळूत रात्री अंडी घालतात. पहाटे अंधारात धावताना विजेरीचा झोत समुद्राकडे फिरवू नये आणि ट्रॅक्टरच्या चाकासारखी उमट पाण्यापासून वर गेलेली दिसली, तर ती न तुडवता गावातील कासवमित्रांना कळवावे.

प्रश्न : पावसाळ्यात किनाऱ्याऐवजी सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, पायवाटेने धावण्याचा विचार आहे. फुरशाची भीती कितपत खरी?

उत्तर : खरी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवर फुरसे पुष्कळ आढळते, ते दगडांच्या फटीत बसते आणि त्याचा रंग वाळल्या पाचोळ्यात सहज मिसळून जातो. पुरेसे उजाडल्याशिवाय निघू नये, घोटा झाकणारे बूट घालावेत आणि पाऊल कोठे पडते ते दिसेल एवढाच वेग ठेवावा. दंश झालाच, तर चिरा देणे किंवा घट्ट आवळून बांधणे टाळावे. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि त्यावर उपाय एकच, तो म्हणजे रुग्णालयातील प्रतिविष. मात्र मला विचाराल तर पावसात सापापेक्षा शेवाळाने जास्त माणसे पडतात. जांभ्याच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, ते इतके चढते, की गावातली माणसेही तेथे जपून, आडवे पाऊल टाकत उतरतात. चढताना धावा, उतरताना चाला.

प्रश्न : आईला मधुमेह आहे. तिने ओल्या वाळूत अनवाणी चालावे, असे शेजारी सुचवतात.

उत्तर : चालावे, पण अनवाणी नको. मधुमेहात तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते आणि वाळूत काचा, शिंपल्यांच्या कडा, प्रसंगी मासेमारीचा तुटका गळही असतो. जखम झाल्याचे संध्याकाळपर्यंत कळत नाही. मऊ तळव्याचे बंद बूट आणि सुती मोजे घालून त्यांना ओहोटीच्या वेळी न्या, आणि घरी आल्यावर तळवे तुम्ही स्वतः उजेडात पाहा.