रागाचे आणि अतिरेकाचे इंग्रजी वाक्प्रचार कुठून आले? आणि 'डूलाली' हा काय विनोदी शब्द आहे?

पाच वाक्प्रचार विचारलेत: 'डूलाली', 'फ्लाय ऑफ द हँडल', 'रन अमॉक', 'रीड द रायट अ‍ॅक्ट' आणि 'ओव्हर द टॉप'. त्यातल्या शेवटच्या चारांचं नंतर बघू. 'डूलाली' हा विनोदी शब्द नाही, ते माझं गाव आहे. नाशिकजवळचं देवळाली.

मी देवळाली कॅम्पात वाढलो. तोफखान्याचा सराव सुरू झाला की आमच्या मांडणीवरची भांडी वाजायची आणि आई 'लागले कामाला' म्हणून पोळ्या लाटत राहायची. आपल्या गावाचा इंग्रजीत शब्द झालाय हे मात्र गावात कुणी सांगितलं नाही. ते कळलं इंग्लंडात, लीड्सला, कंपनीने पाठवलं होतं तेव्हा. सोमवारची मीटिंग. आमचा मॅनेजर, पन्नाशीचा यॉर्कशायरचा गडी, एका क्लायंटबद्दल म्हणाला, 'बिल पाहिलं आणि ही'ज गॉन डूलाली.' मला ऐकू आलं, तो देवळालीला गेलाय. मी अगदी मनापासून विचारलं, 'देवळालीला? तिथे कुणाकडे?'

खोलीत आधी शांतता, मग हशा. तो क्लायंट रागाने वेडापिसा झाला होता, एवढाच अर्थ. मी म्हटलं, अहो पण असं गाव आहे, माझा जन्म तिथला. कुणाला पटेना. दुसऱ्या दिवशी पासपोर्ट घेऊन गेलो आणि जन्मस्थळाच्या रकान्यावर बोट ठेवलं. मॅनेजरने चष्मा काढून वाचलं, परत लावून वाचलं, मग पासपोर्ट सगळ्या मजल्यावर फिरला. परत आला तोवर माझ्या टेबलावर पाटी लागली होती, 'अस्सल डूलाली'. पुढची दोन वर्षं ती कुणी काढली नाही, मीही नाही.

आता इतिहास. गोऱ्या सैन्याचा देवळालीचा तळ १८६१ सालचा. विलायतेहून आलेली पलटण इथे उतरायची आणि नोकरी संपलेले शिपाई परतीच्या जहाजासाठी इथे येऊन थांबायचे. सैन्याची जहाजं साधारण हिवाळ्यातच चालायची. हंगाम संपता संपता ज्याची मुदत भरली, त्याने पुढच्या हंगामापर्यंत महिनोन्महिने बसून राहायचं. कवायत नाही, काम नाही, हातात साठलेला पगार. मग दारू, मारामाऱ्या, तुरुंग. चांगली वर्षं काढलेली माणसं शेवटच्या चार महिन्यांत बिघडायची. त्याला शिपाई म्हणायचे 'डूलाली टॅप'. हा 'टॅप' म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. इंग्रजी कोशात त्याचा अर्थ नुसता ज्वर असा देतात. 'डोक्याला ताप' म्हणणाऱ्याला तो शब्द तिथे किती चपखल बसलाय हे वेगळं सांगायला नको. पुढे ताप गळाला आणि नुसतं डूलाली राहिलं.

आमचे साडू पुण्याचे, इंग्रजीचे प्राध्यापक. प्रत्येक लग्नामुंजीत, जेवणाच्या पंगतीत ते सांगतात की देवळालीच्या भयंकर उन्हाने गोरे वेडे व्हायचे, म्हणून हा शब्द. पानात वाढलेलं असतं म्हणून मी गप्प बसतो, पण इथे बोलतो. साडूभाऊ, मुंबईच्या पारशांनी देवळालीत सॅनेटोरियम बांधली ती काय ऊन खायला? हवापालटाचं गाव आहे ते! फ्रँक रिचर्ड्स नावाचा शिपाई लॉर्ड कर्झनच्या काळात हिंदुस्थानात होता, त्याच्या आठवणी १९३६ साली छापल्या गेल्या. त्यानेही दोष तळावरच्या कंटाळ्याला दिलाय. वेड लावलं ते जहाजांच्या वेळापत्रकाने, आमच्या हवेने नाही.

बाकीचे चार. 'फ्लाय ऑफ द हँडल' म्हणजे एकदम भडकणं; त्यातला हँडल दाराचा नव्हे, कुऱ्हाडीचा दांडा. लाकूड सुकलं, पाचर ढिली झाली की घाव घालताना पातं सुटून जातं आणि समोर कोण आहे ते बघत नाही. अमेरिकेकडचा वाक्प्रचार, एकोणिसाव्या शतकातला. 'रन अमॉक' मधला अमॉक मलय भाषेतला, भान सुटून दिसेल त्याच्यावर शस्त्र चालवणं. आपल्या अमुक-तमुकशी संबंध नाही, जोडू नका.

'रीड द रायट अ‍ॅक्ट' म्हणजे आज खरडपट्टी काढणं, पण पूर्वी खरोखर कायदा वाचायचे. १७१५ पासून लागू झालेला. बारा किंवा जास्त माणसांचा दंगेखोर जमाव असेल तर मॅजिस्ट्रेटने ठरलेला मजकूर मोठ्याने वाचायचा. तासाभरात पांगला नाहीत तर थेट देहदंडाचा गुन्हा. आपली जमावबंदी त्यापुढे मवाळच.

'ओव्हर द टॉप' आपण भडक नटाबद्दल हसत वापरतो. पहिल्या महायुद्धात त्याचा अर्थ होता खंदकाच्या कडेवरून वर चढून शत्रूच्या गोळ्यांपुढे जाणं. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत असे वर चढलेले १९ हजारांवर ब्रिटिश सैनिक एका दिवसात मेले. हे कळल्यापासून मी तो सहज वापरत नाही. तुम्ही वापरा, चूक काही नाही.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. डूलाली मुळात वेडासाठी, रागासाठी नंतर आणि बोलण्यापुरता; ऑफिसच्या मेलमध्ये लिहू नका, आणि घरात कुणा म्हाताऱ्या माणसाला विसरायला होत असेल तिथे तर नकोच. दुसरं, रिचर्ड्सनेही 'मला वाटतं' असं म्हणूनच लिहिलंय, छातीठोक नाही. आणि मे महिन्यात दुपारी दोनला देवळालीतही डोकं तापतं, हे कबूल. पण संध्याकाळी अंगणात बसून बघा. साडूंना तीन उन्हाळे बोलावतोय, अजून आलेले नाहीत.